नववं पान

वेल्वल ग्रुबर दिवसा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात लोकांच्या भिंतींना कागद चिकटवी आणि संध्याकाळी कॅफेत बसून कवींची सालटी काढी. यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेत, तो स्वतःही कविता करी. त्यात नवल काही नव्हतं; त्या कॅफेतले सगळेच कवी दिवसा चांभार, रंगारी नाहीतर टोप्या शिवणारे. समीक्षा मात्र तो टोपणनावाने लिही, म्हणजे शिव्या टोपणनावाला बसत.

त्या दिवशीचं काम पोट्रुख यांच्याकडे निघालं आणि दारावरची पाटी वाचूनच तो उंबऱ्याशी थबकला. म्हाताऱ्या आंशेल पोट्रुखच्या कवितासंग्रहावर त्यानेच लिहिलं होतं, 'ही पानं भिंतीच्या कागदाखाली अस्तर म्हणून उत्तम!' कॅफेत आठवडाभर हशा पिकला होता. म्हाताऱ्याशी त्याची तोंडओळखही नव्हती.

म्हाताऱ्याच्या बायकोने, ब्रायनाबाईंनी, कोपऱ्यातला त्याच संग्रहाच्या प्रतींचा ढीग दाखवला.

"अस्तराला हीच पानं लावा."

"बाई, पुस्तकं? मी जुनी वर्तमानपत्रं आणलीत की."

"नकोत. कुणा शहाण्याने छापून सांगितलंय, याच लायकीची आहेत म्हणून. तेव्हापासून आमच्या ह्यांनी पेन हातात धरलेलं नाही. आज कागद लावायचाय म्हटल्यावर म्हणाले, ग्रुबरलाच बोलवा, आणि हीच पानं द्या."

बाई चहा ठेवायला आत गेल्या. वेल्वलने खळ कालवली आणि वरचं पुस्तक उचललं. पहिल्याच पानावर थरथरत्या अक्षरात त्याचं टोपणनाव होतं, 'सप्रेम भेट' म्हणून. हीच प्रत त्याने रद्दीच्या गाडीवर विकून टाकली होती! त्या काळी पुस्तकाची पानं जोडलेलीच येत, वाचणाऱ्याने सुरीने कापायची. ही आठव्या पानापर्यंतच कापलेली होती. तेवढ्यावर त्याने दोन रकाने झोडले होते.

सुरी हातात होतीच. त्याने नववं पान कापलं.

'आईने दिवा मालवला
आणि अंधाराला म्हणाली,
हळू ये, पोरं निजलीत.'

असली एक ओळ त्याला जन्मात लिहिता आली नव्हती. तो शिडीच्या पायरीवर बसून कापत गेला, वाचत गेला. बादलीतल्या खळीवर साय धरली.

"कितवं पान?"

दारात आंशेल उभा होता, खांद्यावर शाल.

"सव्वीस," वेल्वल म्हणाला. मान वर होईना. "पोट्रुखसाहेब, तो लेख..."

"मला नका सांगू. मला ठाऊक आहे. ही प्रत कोणी विकली ते रद्दीवाल्याने सांगितलं. हिला सांगा. रडली ती आहे."

ब्रायनाबाई चहाचा पेला घेऊन आल्या. "काय हो, भिंत कोरडीच?"

खोटं बोलायला एवढा एक क्षण होता. वेल्वलला तेही सुचलं, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"बाई, तो शहाणा मीच. आणि मी पुस्तक वाचलं नव्हतं. आठच पानं वाचली होती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पेला तसाच हातात धरून त्या आत परत गेल्या.

"आता लावा अस्तर," आंशेल म्हणाला. "ठरलंय तसं."

वेल्वलने पुस्तक छातीशी घट्ट धरलं. त्याच्याने शिडीवरून उठवेना.