मालकाचं नाव

सोनपेठच्या बाजारात मी पुस्तकं विकायचो. येशूच्या शुभवर्तमानाची पातळ पुस्तकं, पंचवीस पैशांना एक. काम प्रचारकाचं, मुक्काम गंगाखेडला, आणि जीभ अशी की ऐकणारा भाजी घ्यायची विसरून जावा. लोक मला मास्तर म्हणत. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही, पण मानाला कोण नको म्हणतं!

‘मी प्रार्थना करतो’ हे वाक्य तर माझ्या तोंडात सदाचंच. कुणाचं लेकरू तापलं, कुणाचा बैल लंगडला, की मी ते देऊन टाकायचो. द्यायला काही लागत नाही ना.

पंच्याहत्तर सालची दिवाळी झाल्यावरचा बाजार. तानुबाई नावाची बाई लसूण घेऊन बसली होती. तिच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती. मी ऐटीत सांगितलं, “बाई, मी रोज पहाटे चारला देवापुढं बसतो. शेजाऱ्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलतो. उद्यापासून तुमच्या मालकाचं नाव घेईन.”

तिचे डोळे भरून आले. “तुमीच घ्या मास्तर. मला कुठं त्यांचं नाव घेता येतंय?”

नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही तिच्या पिढीची रीत. देवापुढंसुद्धा तिची जीभ रेटत नव्हती. शेवटी शेजारी बसलेल्या बायनाबाईनं ते नाव सांगितलं आणि मी एका पुस्तकाच्या पाठीवर लिहून घेतलं. तासाभरात ते पुस्तक विकलं गेलं.

खरं सांगायचं तर पहाटे चारला मी घोरत असायचो. सातला उठून चहा पिता पिता ‘हे पित्या, आजचा दिवस बरा जाऊ दे’ एवढं पुटपुटलं की माझा देवाशी सहवास संपला. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी खरंच बसायचो, बोलायचो, रडायचोसुद्धा. मग तेच लोकांना सांगता सांगता करायचं कधी राहून गेलं, कळलं नाही.

त्यानंतर चार महिने मला सेलू-वालूरच्या बाजूला धाडलं होतं. शिवरात्रीच्या सुमाराला सोनपेठला आलो, तर तानुबाईनं मला बाजारातच गाठलं. ऐकूनच घेईना, घरी चला म्हणाली. घर गावाच्या कडेला, दोन खणांचं. नवरा बाजेवर पाठीला गोधडी लावून बसला होता. त्यानं उजव्या हाताची दोन बोटं हलवून दाखवली. तोंड वाकडं होतं, पण हसू सरळ होतं.

माझ्यापुढं शेंगांची पाटी ठेवून तानुबाई बोलायला लागली.

“तुमी म्हनला ना चारला बसता, मंग मी बी उठायले. म्हनलं, आपल्या घरचं गाऱ्हानं तिकडं चाललंय अन् आपुन झोपून ऱ्हावं, बरं दिसत न्हाई. पयले आठ दिस गप बसले, गंगाखेडाकडं तोंड करून. मास्तर बोलायलेत, मदी कशाला तोंड घालावं! मंग एक दिस माझं मीच बोलले. आता समदं सांगते. शेळी व्याली ते बी सांगितलं. कुनीतरी बसून ऐकायलंय असं वाटतंय बगा. लय बरं वाटतंय.”

मी मान हलवली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. शेंग सोलायचंही धाडस होईना. सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं आणि हिचं पहाटेचं उठणंच बंद पडलं तर, असा शहाणपणा मी स्वतःला शिकवला. खोटं होतं तेही. मला माझी अब्रू सोडवत नव्हती.

तेवढ्यात बाजेवरून जड जिभेनं आवाज आला, “मास्तर, माझं नाव घिऊन रोज काय म्हनता वो? एकडाव म्हना की. मला बी ऐकू द्या.”

मी डोळे मिटले. सुटलो, असंच वाटलं. प्रार्थना म्हणजे माझ्या हातचा मळ. “हे स्वर्गीय पित्या, दयाळू बापा, तुझे अनंत उपकार...” आवाज आपोआप चढला. “या घरावर कृपा कर. आजाऱ्याच्या उशाशी ये. तुझं हे लेकरू, पित्या, तुझं हे लेकरू...”

इथं नाव यायला हवं होतं.

मला ते आठवेना. किशनराव? पंडित? भुजंग? मी पुन्हा ‘तुझं हे लेकरू’ म्हणालो आणि पुन्हा तिथंच अडलो. बाहेर शेळीचं करडू ओरडत होतं. डोळे उघडायची हिंमत नव्हती. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेलो असतो.

मग तानुबाईचा आवाज आला. अगदी बारीक.

“लिंबाजी.”

मी डोळे उघडले. तिनं पदर पुढं ओढला होता. नवरा तिच्याकडं बघतच राहिला होता. उभ्या जन्मात तिच्या तोंडून त्यानं ते ऐकलं नव्हतं.

“लिंबाजी नाव हाय, देवा,” ती म्हणाली. “चार म्हैने तुला कळलं नसंल, मी कुनाचं बोलायले ते.”

“त्याला ठाऊक होतं, बाई,” मी म्हणालो. “ठाऊक नव्हतं ते मला. मी एक दिवससुद्धा उठलो नाही. तुमच्या मालकाचं नाव एकदाही घेतलं नाही. खोटं बोललो मी तुमच्याशी.”

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. शेंगांची पाटी उचलून आत नेली असती तरी मला बरं वाटलं असतं. तिनं पाटी तशीच राहू दिली.

“मंग मी एकलीच बोलत हुते?” ती स्वतःशीच म्हणाली. आणि तिनंच मान हलवली. “न्हाई. एकली नव्हते. कुनीतरी हुतं तिथं.”

मग माझ्याकडं वळली.

“उद्या उठा मास्तर. मी तुमचं बी सांगते त्याला. नाव काय हो तुमचं?”

जन्मभर लोकांची नावं देवाकडं नेतो म्हणून मिरवलो, आणि आता माझं नाव या लसूण विकणाऱ्या बाईनं तिकडं न्यायची पाळी आली होती. शरमेनं मान वर होईना. तशीच खाली घालून सांगितलं, “दान्येल.”

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून.