काळ्या ॲम्पची शीळ

सोमवारी माझी रजा संपणार होती. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत परत रुजू व्हायचं आणि आठ महिन्यांच्या ठकीला दिवसभर नवऱ्याच्या हवाली करायचं, असं आमचं ठरलं होतं. तो घरीच असतो. गिटार शिकवतो आणि वाद्यांच्या एका दुकानासाठी गिटारचा आवाज मोठा करणारे नवे ॲम्प वाजवून, त्यांची तुलना लिहून देतो. त्यामुळे ठरवताना कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. फक्त सोमवार जवळ आला तशा पाळण्यापाशी माझ्या उगाच फेऱ्या वाढल्या होत्या.

"पहिलटकरणीला होतंच असं," ताई फोनवर म्हणाली. "आठ दिवसांनी तूच म्हणशील, बरी सुटका झाली."

शुक्रवारी सकाळी ठकीला आतल्या खोलीत झोपवून मी बाहेर आले, तेव्हा नवऱ्यानं बैठकीत दोन ॲम्प मांडून ठेवले होते. एक काळा, एक सायीच्या रंगाचा. दोन्ही मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे नकलाकार. जुन्या ॲम्पमध्ये काचेच्या नळ्या तापून जो आवाज निघायचा, त्याची यांच्या पोटातली चिप हुबेहूब नक्कल करते. बटण फिरवलं की वेगळा ॲम्प, आणखी फिरवलं की तिसराच. दोघांपैकी नक्कल कुणाची सरस, ते संध्याकाळपर्यंत दुकानाला कळवायचं होतं.

तेवढ्यात दुकानदाराचाच फोन आला. नवऱ्यानं नेहमीसारखा स्पीकर लावला.

"अरे बाबा, या वेळी जरा बेतानं. मागच्या ॲम्पला तू जी सेटिंग लिहून दिलीस ना, ती लावल्यावर गिऱ्हाइकाचं कुत्रं घर सोडून पळालं!"

"कुत्र्याला काय कळतंय गिटारमधलं, दादा?"

"कुत्र्याला नाही, पण गिऱ्हाइकाच्या बायकोला कळतं. कानात सुई गेल्यासारखं वाटलं म्हणाली. ट्रेबल एवढा कशाला चढवतोस?"

नवरा हसला. मीही हसले. मग ॲम्पकडे पाहिलं. ट्रेबलचं, म्हणजे बारीक, टोकदार स्वर चढवायचं बटण दोन्हींवर शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

"हे असंच ठेवायचं?" मी विचारलं.

"नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो गं."

गिटारमधलं मला काय कळणार? पण तुलना करण्यातलं कळतं. आमच्याकडे बाटल्यांवर गावाचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. नाव दिसलं की माणूस आधीच मत बनवून बसतो. हे मी त्याला पूर्वी सांगितलं होतं, तेव्हापासून ॲम्पची परीक्षाही आम्ही तशीच घेतो. बारा सेकंदांचा एक तुकडा तो एकदाच वाजवून पेडलमध्ये, म्हणजे पायाशी ठेवायच्या डबीत, साठवतो, म्हणजे दर वेळी हात तोच राहतो. दोन्हींचा आवाज मी फोनवर मोजून सारखा करते, कारण मोठा आवाज उगाच चांगला वाटतो. मग तो समोर बसतो आणि मी सोफ्यामागे खाली धरलेल्या बटणानं ॲम्प बदलत जाते. कुठला चालू आहे, ते त्यानं ओळखायचं.

"चला मास्तरीणबाई, घ्या परीक्षा."

"कॉपी करायची नाही."

"तुझ्या वर्गात कुणाची हिंमत आहे?"

काळ्या ॲम्पला एक खोड होती. तो चालू झाला की गिटारच्या मागे एक अगदी बारीक शीळ ऐकू यायची. विजेचा आवाज, सुरांशी संबंध नसलेला. सायीच्या ॲम्पला ती नव्हती. इतकी सरळ खूण हाताशी असताना ओळखणं काही कठीण नव्हतं, आणि त्यानं दहापैकी दहा बरोबर सांगितले.

"शिळेवरून ओळखलंस ना?" मी म्हटलं.

"कुठली शीळ?"

मी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"हां, ती! हो ना, तीच तर," तो म्हणाला.

शीळ आली की माझा डावा डोळा बारीक होतो. लहानपणापासूनची सवय. आणि तो सगळा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होता, ॲम्पकडे नाही.

"आता भिंतीकडे तोंड करून बस," मी म्हटलं.

"का? मी काय मस्ती केली?"

"बस तर खरं."

तो बसला. दहापैकी चार बरोबर आले. डोळे मिटून नाणं उडवलं असतं, तरी पाच आले असते.

"दोघं सख्खे भाऊच आहेत गं," तो भिंतीला म्हणाला. "तसंच लिहून टाकतो."

मी तुकडा वाजवणं बंद केलं. "आता नुसती शीळ. ऐकू आली की हात वर कर."

काळा चालू केला. मनात पाच मोजले. बंद केला. पुन्हा चालू केला. शीळ खोलीभर पसरली होती, माझ्या दातांत झिणझिण्या येत होत्या. त्याचा हात मांडीवरच होता. तिसऱ्यांदा चालू. चौथ्यांदा. मग दोन्ही ॲम्प बंद असताना, खोलीत काहीही वाजत नसताना, त्यानं सावकाश हात वर केला.

मला गेल्या महिन्यातली ती दुपार आठवली. मी न्हाणीघरात होते. पाळण्यातली चादर ठकीच्या तोंडावर गुंडाळली गेली होती. अडकली की ती भोकाड पसरत नाही. तिच्या घशातून सुतासारखा बारीक आवाज निघतो, बस. तो मला दोन दारांपलीकडून ऐकू आला आणि मी ओल्या अंगानं धावले. नवरा तर तिच्या दाराशेजारीच वही घेऊन बसला होता. मला धावताना पाहून उठला आणि म्हणाला, "मी उठतच होतो." त्या वेळी मी त्यावर विश्वास ठेवला होता.

आणि बाळाचा आवाज टिपणारं ते यंत्र. त्याच्यावर लाल दिव्यांची ओळ आहे, आतून आवाज आला की ते एकेक करून पेटतात. त्यानं ते मुद्दाम आणलं होतं आणि बसेल तिथं डोळ्यांसमोर ठेवायचा; आताही ते ॲम्पवर होतं. किती काळजी घेतो, म्हणून मी ताईला कौतुकानं सांगितलं होतं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. बँडमध्ये वर्षानुवर्षं ड्रमच्या शेजारी उभं राहून गेलेले कान त्याला ठाऊक होते, आणि तरी सोमवारला तो "हो" म्हणाला होता.

"हात बरोबर वर केला ना?" त्यानं न वळता विचारलं.

"बरोबर," मी खोटंच सांगितलं.

मग मी ॲम्पवरचं ते यंत्र उचललं, त्याचा आवाज बंद केला आणि दिवे खाली करून पालथं ठेवलं.

"वळ आता. चहा ठेवते जरा वेळानं."

तो वळला. गिटार मांडीवर घेऊन, न वाजवता, तारा पुसू लागला. मी त्याच्यासमोर बसले. ठकीची उठायची वेळ झालीच होती. घड्याळ भिंतीवर चाललं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड सांभाळत होते. डोळा बारीक होऊ द्यायचा नाही. मान दाराकडे वळू द्यायची नाही.

आतून आवाज आला. आधी कुरकुर, मग तोच, सुतासारखा. चादर मी सकाळीच काढून टाकली होती. तरी कदाचित हात गजात अडकला असेल, कदाचित काहीच नसेल. मी मोजायला लागले. एक. दोन. माझी नखं माझ्याच तळहातात रुतत होती. पाच. आवाज थांबला, परत सुरू झाला, आणखी बारीक. सात.

त्यानं मान वर केली. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, नेहमीसारखं, उत्तर शोधत. तिथे त्याला काहीच दिसलं नाही.

तो हसला. निर्धास्त, प्रेमळ हसला.

"बघ, अजून गाढ झोपलीय," तो म्हणाला. "आणि तू उगाच सोमवारची धास्ती घेऊन बसलीयस."