टेबलाखालची वायर

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, कॉलेजच्या ब्रोशरवर पहिल्याच पानावर एका हसऱ्या मुलीच्या कानांवर दिसतो, तोच मी. ती मुलगी त्या कॉलेजात कधी शिकलीच नाही. फोटोतला मी तेवढा खरा.

कारखान्यातून निघालो आणि एका खाजगी कॉलेजच्या भाषा प्रयोगशाळेत आलो. पहिले वर्ष सोन्यासारखे गेले. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंचा आवाज माझ्यातून मुलांच्या कानांत जायचा आणि मुले एकेक वाक्य जमेपर्यंत म्हणत राहायची. मग बाईंचा पगार थांबला आणि बाई निघून गेल्या. प्रयोगशाळेत संचालकांच्या मेहुण्याच्या टाइल्सचे खोके आले. नव्या बाई कोणी आणल्या नाहीत. माझ्यासाठी मखमली टेबलक्लॉथ मात्र आणला!

तेव्हापासून मी मेळ्यांमध्ये मिरवतो. यंदा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका लॉनवर कॉलेजांचा मेळा भरला होता. कोणी होस्टेलचे पडदे विचारी, कोणी एसी. फुकटची पिशवी मिळाली म्हणून प्रवेश ठरवणारे महाभागही मी पाहिले. शिकवणार कोण, हे विचारायला यांची जीभ का झडते, देव जाणे.

आमच्या स्टॉलवर वीरेंद्र सर होते. सर कसले, कॉलेजचे दलाल! जर्मन, जपानी, भाषाशास्त्र, सगळे एका दमात विकायचे. तिरोडीचे हेमराज आपल्या मुलीला, पौर्णिमाला, घेऊन आले. आजीची बोली, बाजारातली हिंदी आणि पुस्तकातली भाषा इतक्या वेगळ्या का, याचे पोरीला वेड. म्हणून तिला भाषाशास्त्रच शिकायचे होते. बाप मात्र ब्रोशरवर भाळला होता.

"बिल्डिंग पाह्य न वो, केवढी हाय! इथंच टाकतो तुले."

"थांबा न बाबा जरा."

"पहले ये गाँव की बोली छोड़नी पड़ेगी, बेटा," असे म्हणत वीरेंद्र सरांनी मला तिच्या कानांवर चढवले. घरच्या बोलीची ज्याला लाज वाटते, तो भाषाशास्त्र विकायला बसला होता. मला किळस आली.

पौर्णिमाने कान देऊन ऐकले. "सर, काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं."

"फील लो, बेटा, फील!"

माझा जीव तुटत होता, पण आवाज कुठून आणू? पोरगी हुशार निघाली. तिने मला उतरवले, माझी वायर बोटांत धरली आणि वायरीचा माग काढत टेबलाखाली वाकली. वायरचे टोक एका विटेखाली दाबून ठेवले होते.

"बाबा, इकडं या."

हेमराजही वाकले. त्यांनी वीट बाजूला केली आणि टोक सरांपुढे धरले. "हे कशातच काहून नाही लावलं जी? शिकवते कोण तुमच्या इथं?"

सरांनी दुसरे ब्रोशर पुढे केले. हेमराजांनी हात लावला नाही.

"चाल वो पोरी. बिल्डिंग लहान असली तं असू दे. शिकवणारा जिथं भेटन, तिथंच जाऊ."

ते गेले. सरांनी वायर पुन्हा विटेखाली दाबली.

मित्रांनो, कॉलेज निवडताना माझ्या फोटोला भुलू नका. टेबलाखाली एकदा वाका. मी आता दुसऱ्या मुलीच्या कानांवर आहे, आणि तिचे बाबा पडद्यांचा रंग विचारत आहेत.