पहिल्या तडतडीला पाणी

मी चहावाली. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कॉफीबद्दल काही चुकलं तर कोणी मला धरायला नको. कॉफीतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि लग्नानंतरची पहिली सोळा वर्षं त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

मग सासूबाई गेल्या आणि दोनच महिन्यांत सासऱ्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. "डोळे साथ देत नाहीत," म्हणाले. अडतीस वर्षं घड्याळांच्या पोटात डोकं घालून बसलेला माणूस रिकामा घरात बसला की काय होतं, ते ज्याच्या घरात बसलाय त्यालाच कळतं. आमची तिन्ही घड्याळं, मिक्सर, दाराची कडी आणि अगदी उत्तम चालणारी इस्त्री त्यांनी खोलून पाहिली. त्यांची नजर माझ्या शिवणाच्या मशीनकडे वळली, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "यांना काहीतरी नाद लावा, नाहीतर मी माहेरी जाते." हे मशीन माझं पोट आहे. बायकांचे ब्लाउज, कुणाच्या पँटी आखूड करणं, पडद्यांना पट्टी लावणं, सगळं त्याच्यावर चालतं.

नाद लावला तो दातांच्या डॉक्टरांनी. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी ते कॉफीच्या हिरव्या दाण्यांची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "घरी भाजून बघा, वेळ छान जातो." सासऱ्यांनी स्टीलचा एक मोठा डबा घेतला, त्याला आडवा दांडा बसवला, दांड्याला हँडल, आणि मागच्या बाल्कनीत शेगडीवर तो फिरता डबा बसवून टाकला. डबा माझा होता, हे सांगायला नको.

दर बुधवारी भाजणी आणि रविवारी चव, असा नेम ठरला. भाजलेले दाणे तीन-चार दिवस निवांत पडू द्यावे लागतात म्हणे, बाळंतिणीसारखे. रविवारी सकाळी मंडळी जमायची: डॉक्टर, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रोफेसरबाई, आणि ज्याला सगळे आलेखवाला म्हणत तो एक इंजिनिअर. तिघंही आपापल्या घरी भाजायचे. आलेखवाल्याच्या यंत्रात तापमान मोजायची तार होती, ती लॅपटॉपला जोडलेली, आणि दाणे कसे तापले याचा आलेख तो घरातल्या बाळाचा फोटो दाखवावा तसा सगळ्यांना दाखवायचा. टेबलावर कप ओळीने मांडायचे, दळलेल्या पुडीवर गरम पाणी ओतायचं, वर साय धरते ती चमच्याने मोडायची आणि मग चमचा-चमचा भुरकायचं. काय तो आवाज! आमच्या मुलीला लहानपणी अशा भुरकण्याबद्दल मी धपाटे घातलेत.

सासऱ्यांकडे तार नव्हती, लॅपटॉप नव्हता. गंमत म्हणजे भाजताना ते समोर घड्याळसुद्धा ठेवत नसत. "घड्याळ वेळ सांगतं. दाणा शिजला का, ते दाणाच सांगतो," म्हणायचे. डबा बंद, आतलं काही दिसत नाही. पण नऊ-दहा मिनिटांनी आत दाणे तडकायला लागतात, मक्याच्या लाह्या फुटतात तसे. ती पहिली तडतड. ती सुरू झाली की जरा वेळ फिरवायचं आणि दाणे चाळणीत ओतायचे. तसेच ठेवले तर पुढे दुसरी, बारीक चुरचुर सुरू होते. तिथून कोळसा फार लांब नसतो. पहिलीच्या मागे किती थांबायचं, ते सासरे केवळ कानावर ठरवायचे. प्रोफेसरबाई म्हणायच्या, "यांच्या कानासारखं यंत्र अजून निघालेलं नाही." सासरे नुसते मान खाली घालून चमचे पुसायचे, पण दिवसभर स्वारी खूश असायची.

अशी दोन वर्षं गेली. मग कॉफी काळी पडायला लागली.

आधी मला वाटलं, हीच नवी तऱ्हा असेल. पण वाळत घातलेल्या कपड्यांना आधी नुसती दाण्यांची उडालेली फोलपटं चिकटायची, आता धुराचा वास येऊ लागला. रविवारी मंडळी भुरकायची आणि एकमेकांकडे न बघता बोलायची. "जरा धाडसी आहे," बाई म्हणाल्या. "दमदार," आलेखवाला म्हणाला. डॉक्टरांनी काही न म्हणता कप उचलला, खिडकीशी गेले, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या मनी प्लांटच्या कुंडीत ओतला.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "डॉक्टर, झाडाला दात किडायची भीती नाही, पण काय भानगड आहे?"

ते कसनुसं हसले. "जळकी होतेय हो. चार महिने झाले. सांगायचं कसं? ते आम्हाला गुरू. तुम्ही घरच्या, तुम्ही सांगा."

म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधायची. मला असा संताप आला! तोंडावर वा-वा करायचं आणि पाठीमागे कुंडी भरायची, याला मैत्री म्हणतात? भीड भिकेची बहीण ती हीच.

त्या बुधवारी मी मशीन बंद ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभी राहिले. सासरे स्टुलावर बसून हँडल फिरवत होते, डोकं डब्याकडे झुकलेलं. थोड्या वेळाने तडतड सुरू झाली, मला खिडकीतून स्वच्छ ऐकू आली. ती वाढली, विरळ झाली, थांबली. सासरे तसेच. कान डब्याला आणखी जवळ नेला, इतका की मला भाजेल अशी धास्ती वाटली. चेहऱ्यावर तीच वाट बघण्याची कळा. होऊन गेलेल्या गोष्टीची ते वाट बघत होते. शेवटी धूर निघाला, तो दिसला, तेव्हा घाईघाईने ओतले.

मग सगळंच ध्यानात आलं. दाराची बेल, टीव्हीचा मोठा आवाज, हाक मारली की नुसतं "हं". म्हातारपणी लक्ष लागत नाही म्हणून मीच सोडून दिलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि माझी लाजही वाटली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर आठ दिवस जेवणार नाहीत. तू बाबांना ओळखत नाहीस." ओळखत होते. आणि त्यात सासऱ्यांनी, रविवारच्या मंडळींबरोबर, हौशी भाजणाऱ्यांच्या स्पर्धेत नाव दिलेलं. सहा आठवड्यांवर आलेली. एका हॉलमध्ये, सगळ्यांसमोर भाजायचं आणि अनोळखी परीक्षकांनी चाखायचं. तिथे कुंड्या नव्हत्या. तिथे हा माणूस कोळसा ओतणार आणि उरलेलं आयुष्य मान वर करणार नाही, हे मला दिसत होतं.

सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही. मी वेगळीच वाट काढली. पुढच्या बुधवारी पहिली तडतड नीट लागल्यावर मी पाण्याचा पेला घेऊन बाल्कनीत गेले. "बाबा, पाणी घ्या. उकडतंय." त्यांनी पेला घेतला, दोन घोट प्यायले, खाली ठेवला आणि दाणे ओतले. सुरेख तपकिरी! रविवारी डॉक्टरांनी कप तळापर्यंत रिकामा केला, स्वतःच्या तोंडात.

चार बुधवार माझं पाणी चाललं. माझा कान तयार आहे. मशीनचा आवाज बदलला की दोरा तुटायच्या आधी मला कळतं. पहिल्यांदा एखाददुसरा दाणा चुकार तडकतो, तो सोडायचा; मग सगळे मिळून लागतात, ती खरी वेळ. मी स्वतःवर खूश होते. म्हाताऱ्याला पत्ता न लागू देता त्याची लाज राखतेय, असं मला वाटत होतं.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी माझं डोकं ठणकत होतं. गोळी घ्यायला पेला भरला, तोच आठवलं, नव्या पडद्यांचं कापड बाल्कनीत वाळतंय, त्याला फोलपटं चिकटणार. तशीच पेला हातात धरून बाहेर धावले. शेगडी पेटवून पाच मिनिटंही झाली नव्हती.

सासऱ्यांनी पेला पाहिला आणि डबा उघडून दाणे ओतले.

चाळणीत फिकट, पिवळसर, कच्चे दाणे पडले. गवतासारखा वास आला. मी दाण्यांकडे बघितलं, त्यांनी पेल्याकडे बघितलं.  चोरी दोघांचीही पकडली गेली होती.

"हे तुझं पाणी होतं होय?" ते हळूच म्हणाले.

"माझंच. डोकं दुखतंय."

"मग गोळी घे आधी." मी गोळी घेतली. त्यांनी शेगडी बंद केली. "सूनबाई, बस जरा."

मी उंबऱ्यावर बसले.

"डोळे नव्हते गेले माझे," ते म्हणाले. "डोळे ठणठणीत आहेत. दुकानात शेवटची काही वर्षं मला टिकटिक ऐकू येत नव्हती. घड्याळ दुरुस्त केलं की तुझ्या सासूकडे द्यायचो, 'पट्टा नीट बसलाय का बघ गं.' ती बघता बघता कानाला लावायची आणि म्हणायची, 'छान बसलाय.' नाहीतर म्हणायची, 'जरा सैल वाटतो.' मग मी पुन्हा खोलायचो. तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा दुकानात गेलो, पहिलंच घड्याळ कानाला लावलं. बंद. तीनदा खोललं. गिऱ्हाईक म्हणालं, 'काका, चालू तर आहे.' त्याच दिवशी कुलूप लावलं."

मी पेला बाजूला सरकवला.

"तडतड मोठी असते. ती यायची ऐकू. म्हणून तर या नादाला लागलो. पुन्हा काहीतरी ऐकू यायला लागलं होतं." त्यांनी चाळणीतला एक कच्चा दाणा उचलून बोटात फिरवला. "मग तेही गेलं. आणि एक दिवस तू पाणी घेऊन आलीस, तशीच, काही न बोलता. मला कळलं. उद्या मी स्पर्धेतून नाव काढून घेतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाबा, मुठीतून चार महिने धूर येत होता," मी म्हटलं. रडू येत होतं, म्हणून आवाज चढला. "सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनी प्लांटलासुद्धा माहीत आहे. नाव काढायचं नाही. आणि कानाच्या डॉक्टरकडे जायचं. सासूबाई बोलल्या नाहीत, त्या मोठ्या मनाच्या. मी बोलणार."

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "एवढं येतं ऐकू."

स्पर्धेत नऊ टेबलं होती. आठांवर तारा आणि पडदे, एकावर माझा डबा. शेगडी पेटवण्याआधी सासरे उभे राहिले आणि परीक्षकांना म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. फिरवणार मी, ऐकणार माझी सून. चालेल का?"  पलीकडच्या टेबलावर डॉक्टरांनी मान खाली घातली. परीक्षकांनी नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. सुनेबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मी पेला नेला नव्हता. मी डब्याशेजारी उभी राहिले आणि तडतड लागली तशी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "बाबा, लागली!" लोक हसले. सासरेही हसले, आणि मग मान डोलावत, मनाशी मोजत, त्यांच्या वेळेला त्यांनी दाणे ओतले.

आम्ही नऊ जणांत पाचवे आलो. आलेखवाला आठवा आला, त्याचा आलेख मात्र अप्रतिम होता.

कानातलं यंत्र त्यांनी पुढच्या महिन्यात घेतलं. घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझ्या मशीनपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे इतकं खडखडतं? आणि तू ऐकून घेतेस?" शेवटी मशीन खोललंच त्यांनी. आता मऊ चालतं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या बुधवारी मी मुद्दाम बाल्कनीत गेले नाही. खिडकीतून बघत होते. तडतड लागली. सासऱ्यांचं डोकं एकदम वर झालं, चेहरा उजळला. त्यांना ऐकू आली होती. माझा जीव भांड्यात पडला. आता ओततील, म्हणून मी बघत राहिले. ते ओतेनात. तडतड विरळ झाली, तरी हँडल फिरतंच. दाराकडे बघत होते.

मी धावत पेला भरला आणि नेला. त्यांनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि मग दाणे ओतले.

हल्ली रविवारी प्रोफेसरबाई कप खाली ठेवून म्हणतात, "दहा-बारा सेकंद आधी काढली असतीत, तर ही कॉफी पहिल्या नंबराची होती." सासरे चमचे पुसत म्हणतात, "माहीत आहे."