तिसरी किल्ली

ढब्बूला आकडी आली की घरात कोणी काय करायचं, हे सहा महिन्यांत ठरून गेलं होतं. बायको त्याच्या मानेखाली उशी सारायची, मी खुर्च्या बाजूला ओढून घड्याळ लावायचो. तोंडात हात घालायचा नाही, पाच मिनिटं उलटली तर उचलून दवाखाना गाठायचा. कुत्रा लग्नाआधीपासून तिचा, म्हणजे घरात उशिरा आलेला मी, आणि भांडताना हे ऐकवायला ती विसरत नसे.

आकडी ओसरली की ढब्बू काही वेळ कोणालाच ओळखत नसे. "ओळख परतायला किती वेळ लागतो तेही लिहा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, म्हणून वहीत दोन रकाने आखले, एक तिचा आणि एक माझा. तिचा हात तो चार मिनिटांत चाटायला लागायचा. माझ्यावर आधी दहा मिनिटं गुरगुरला, मग वीस, मग चाळीस. ज्याचं मुतलेलं मी पुसतो त्यानंच मला दात दाखवावेत, याचा मला संताप यायचा, आणि ती खुशाल माझा आकडा वहीत टिपून घ्यायची.

मग एका दुपारी ढब्बूची आकडी ओसरल्यावर मी तिच्यापुढे पाणी धरलं, तर तिनं पेला घेतलाच नाही.

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?" ती म्हणाली.

एरवी मला अरे-तुरे करणारी बायको. मला वाटलं टोमणा असेल, टोमण्यांना तिच्याकडे तोटा नव्हता. पण दारावर आलेल्या विक्रेत्याकडे पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत होती, आणि ढब्बूची गुरगुर थांबली त्याच क्षणी म्हणाली, "असा काय उभा आहेस? फडकं आण." पुढच्या दोन्ही वेळी तेच झालं. दुसऱ्या वेळचा दीड तास मी जिन्यात बसून काढला.

सकाळी आठची गोळी केळ्याच्या तुकड्यात दडवून देणं माझ्याकडे होतं. त्या गुरुवारी ढब्बू आकडीबिकडी नसताना माझ्यावर गुरगुरला आणि ती हसली. गोळी माझ्या खिशातच राहिली. राहिली कसली, मी ठेवली. मरू दे एकदाचं, असं मनात आलं, हे मी कबूल करतो.

अकरा वाजता दुकानातला फोन वाजला. माझं दुकान कुलपांचं.

"आमच्या कुलपावर तुमच्या दुकानाची पट्टी आहे, त्यावरून नंबर घेतला," बायकोचाच आवाज. "पुढच्या दाराचं कुलूप आजच बदलायचंय. एक माणूस सारखा घरात येतो. त्याच्याकडे किल्ली आहे." आणि तिनं मला माझाच पत्ता मजल्यासकट सांगितला. मागे ढब्बू धापा टाकत होता.

"किती मिनिटं होती आकडी?" मी विचारलं.

"चार," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. काम लांबवलं तर तेवढ्यात तिला ओळख पटेल, असा माझा हिशोब होता. अर्ध्या तासाचं काम मी अडीच तास पुरवलं. एकेक स्क्रू काढून पुसला, परत बसवला, दर थोड्या वेळानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमचं काम फार सावकाश चालतं," एवढंच ती म्हणाली.

शेवटी मी तीन किल्ल्या तिच्यापुढे धरल्या. तिनं दोन घेतल्या.

"एक मला, एक मैत्रिणीकडे ठेवीन. तिसरी माझ्यासमोर कापून टाका."

मी उंबऱ्यात बसून करवत चालवली. किल्लीचे दोन तुकडे फरशीवर पडले, तेव्हा ढब्बू उठून माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या खिशाला नाक लावलं, गोळी होती त्याच खिशाला, आणि शेपटी हलवत माझा हात चाटायला लागला.

"नवल आहे," ती म्हणाली. "परक्या माणसाजवळ हा कधी जात नाही."