घाटावरची गर्दी

आक्का सिनेमात होत्या हे कोल्हापूरच्या अख्ख्या मंगळवार पेठेला ठाऊक होतं. आणि त्या सिनेमात नव्हत्या, हेही गेल्या महिन्यात अख्ख्या पेठेला कळलं.

साठ-पासष्ट वर्षं त्या ही गोष्ट सांगत आल्या होत्या. छप्पन साली, त्या नऊ वर्षांच्या असताना, त्यांच्या माहेरी कुरुंदवाडच्या घाटावर 'शेंदूरगावचा इनामदार' या सिनेमाचं शूटिंग झालं. गावातली झाडून सगळी माणसं गर्दीत उभी केली होती. आक्का चुलत्याच्या खांद्यावर बसून घसा बसेपर्यंत ओरडल्या, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबला. पुढे सिनेमा लागला, पण पोरींना थिएटरात नेणार कोण? मग तो कुठे दिसेनासाच झाला. त्यामुळे गोष्ट तपासून पाहायची सोय नव्हती आणि कुणाला गरजही वाटली नव्हती.

गेल्या महिन्यात कुणीतरी तो सिनेमा इंटरनेटवर टाकला. आक्कांच्या सुनेनं, अनुजानं, तो टीव्हीवर लावला. आक्कांनी आठ-दहा बायकांना बोलावलं, चहा केला, चिवडा केला. अडीच तास सगळ्या डोळे फाडून बसल्या. घाट आला, इनामदार घोड्यावरून आला, घोड्यावरून उतरला. गर्दी काही आली नाही.

"संपलं व्हय?" बायडाबाईंनी विचारलं. त्या आक्कांच्याच गावच्या, तीन वर्षांनी धाकट्या आणि दिलेल्याही याच पेठेत. "आक्के, तू घोड्याच्या मागं हुतीस का पोटात? मी बी त्याच गावची की! मला कसं शूटिंग-बिटिंग काय आठवत न्हाय?"

सगळ्या खो खो हसल्या. आक्काही हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट सांगणं सोडून दिलं. चार दिवसांनी मेथी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारलं, "अनुजा, तू शिकलेली हाईस म्हणून इचारते. न झालेलं बी माणसाला आठवतं का गं? डोकं फिरायच्या आधी असं हुतं म्हणत्यात."

अनुजा वारणानगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. तपासल्याशिवाय हो म्हणायची तिला सवय नव्हती, तशी नाही म्हणायचीही नव्हती.

"बघते मी, आक्का," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं घाटाचा प्रसंग एकदा नाही, चौदा वेळा पाहिला. इनामदार घाटावर येतो तेव्हा घोड्याची सावली लांबलचक, चार पायऱ्या ओलांडून गेलेली. लगेच पुढच्या चित्रात तो रिकिबीतून पाय काढून खाली उतरतो, तर सावली घोड्याच्या पोटाखाली गोळा झालेली. एका पावलात सकाळची दुपार झाली होती. म्हणजे मधे घाटावर तीन तास काहीतरी चाललं होतं, आणि ते सिनेमात नव्हतं.

एवढ्यावरून आक्का खऱ्या ठरत नव्हत्या. पण शोधायला जागा सापडली.

ती धैर्यशीलला भेटली. धैर्यशील कोल्हापुरात जुन्या सिनेमांचं मंडळ चालवायचा आणि जुना सिनेमा म्हटलं की त्याला जेवणाचं भान राहायचं नाही.

"वहिनी, गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची दाखवलीय, पण ती आहे छप्पन सालचीच," तो म्हणाला. "इनामदार गावाचे दोन तुकडे करतो, बरोबर? तेव्हा मुंबईसह मराठी राज्य पाहिजे म्हणून चळवळ पेटलेली. त्या वर्षी पडद्यावर साधं कुंपण दाखवलं तरी लोकांना त्यात सीमा दिसायची. तुमच्या घाटावर कुणीतरी कात्री चालवली असणार. तुम्ही जोतिबावर आकारामकाकांना गाठा. त्यांच्या वडिलांचा गावोगाव फिरणारा तंबूचा सिनेमा होता."

आकारामकाका चौऱ्याऐंशीचे होते. देवळाच्या पायऱ्यांशी त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं, आणि त्यांच्या भुवयांपर्यंत गुलाल बसलेला होता.

"या पावणं, किती नारळ देऊ?"

"नारळ नको, काका. 'शेंदूरगावचा इनामदार' पाहिजे."

म्हाताऱ्यानं हातातली पुडी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. "बंदी उठली व्हय?"

अनुजानं आक्कांचं सगळं सांगितलं. काका ऐकता ऐकता मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"अवो, आवाज न भरता शूटिंग करायची पद्धत हुती. डायरेक्टर गर्दीला म्हणला, काय बी वरडा, आवाज मागनं घालू. आता छप्पन सालात माणसं काय वरडणार? रोज वरडत हुती त्येच! पडद्यावर आवाज यायचा, 'इनामदारसाहेबांचा विजय असो!' आन तोंडं म्हणायची, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' दोन म्हैनं वरच्या सायबांना पत्ता न्हाय. मग कुणीतरी तोंडं वाचली आन हुकूम सुटला, घाटावरची गर्दी कापा."

"आणि तुम्ही कापली?"

"कापली की! कायदा म्हंजे कायदा. पर फेकून द्या असं हुकमात कुठं हुतं?"

काकांची रीत साधी होती. पुढच्या रांगेत फौजदार बसलेला असला की तुकडा डब्यात. फौजदार नसला की तुकडा परत सिनेमात. निपाणीकडे तंबू लागला की लोक आत शिरण्याआधीच विचारायचे, "आज गर्दी हाय का?" गर्दी असली की पडद्यावरच्या तोंडांबरोबर अख्खा तंबू ओरडायचा, आणि विजय असो ऐकूच यायचा नाही.

"पर एक हाय बघा," काका जरा ओशाळून म्हणाले. "एक जोड मारला की टोकाचं एक चित्र खल्लास. दोन्ही टोकं लई झिजल्यात."

म्हणजे शेवटची चित्रं गेली, अनुजाच्या लक्षात आलं. कॅमेरा आक्कांपाशी सगळ्यात शेवटी आला होता.

काकांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडताच आंबट वास आला, लोणच्याच्या व्हिनेगरसारखा. फिल्म जुनी होऊन कुजायला लागली की असाच वास सुटतो, हे अनुजा मुलांना फळ्यावर लिहून शिकवायची. नाकानं आज पहिल्यांदा शिकली. फिल्म काठाशी वळली होती. प्रोजेक्टरवर चढवली असती तर तिचा भुगा झाला असता.

म्हणून तिनं प्रयोगशाळेत दिव्यावर काच ठेवली, वर मोबाइल घट्ट बसवला आणि एकेका चित्राचा फोटो घेतला. तीन दिवस लागले. शेवटचं टोक आधी पाहायचा मोह तिला दर तासाला व्हायचा. पण तिनं पहिल्या चित्रापासून सुरुवात केली होती आणि क्रम मोडला नाही. आठशे झाली, नऊशे झाली. नुसत्या मिशा, फेटे, उघडी तोंडं. नऊशे एक्कावन्नाव्या चित्रात डावीकडून एक खांदा आला आणि त्यावर एक लहान पाय.

नऊशे एकोणसाठाव्या चित्राशी फिल्म संपली.

अनुजानं ते शेवटचं चित्र मोठं करून पाहिलं. खांद्यावर एक पोरगी होती खरी. पण ती कुठलीही पोरगी असू शकत होती. हे सांगू शकणारी माणसं आता एक-दोनच उरली होती, आणि आधी सांगितलं तर ती हवं तेच ओळखतील, म्हणून अनुजानं घरी अवाक्षर काढलं नाही. फोटो धैर्यशीलला सिनेमात जोडायला दिले आणि एवढंच सांगितलं, की शेवटचं चित्र पडद्यावर थांबवून ठेव.

रविवारी सकाळी दहाला मंडळाचा खेळ होता. पेठेतून तीन रिक्षा भरून बायका आल्या. आक्का यायला तयार नव्हत्या, "परत कशाला शोभा?" म्हणाल्या. बायडाबाईंनीच त्यांना दंडाला धरून आणलं, बहुधा शोभा बघायलाच. आकारामकाका नवा फेटा बांधून आले होते.

घाट आला. घोडा आला. आणि मग, तुकड्याला आवाज नसल्यामुळे, सभागृह एकदम चिडीचूप झालं आणि पडदा माणसांनी भरून गेला. शेकडो हात वर गेले. शेकडो तोंडं एकदम उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

आक्का खुर्चीत पुढे सरकल्या. ओठ आपोआप हलायला लागले. आधी पुटपुटल्या, मग त्यांच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या गळ्यातून खणखणीत आवाज निघाला, "संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" मागून काका गरजले.

दुसऱ्या वेळी निम्मं सभागृह ओरडलं. तिसऱ्या वेळी चहावालासुद्धा किटली घेऊन दारात उभा राहून ओरडत होता. अनुजा आयुष्यात कधी घोषणा देणारी नव्हती. तीही ओरडली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

चित्र थांबलं.

चुलत्याच्या खांद्यावर नऊ वर्षांची पोरगी. तोंड घशापर्यंत उघडलेलं, पुढचा एक दात पडलेला, एक वेणी सुटलेली.

"त्यो माझा दात!" आक्का उठून उभ्या राहिल्या. "आदल्याच दिशी पडल्याला! आन ह्यो रामूतात्या, फुटक्या कानाचा! अनुजा, बघ, कान बघ त्येचा!"

चुलत्याचा कान खरोखरच वरून फाटलेला होता. अनुजानं तो चित्रात पाहिला होता, पण ओळखायला ती कोण? आता तिनं मान डोलावली.

"आन खाली कोण हाय ती?" आक्कांचं बोट पडद्याकडेच होतं. चुलत्याचं धोतर घट्ट धरून एक चिमुरडी उभी होती, आणि सगळं गाव राज्य मागत असताना तिनं शांतपणे नाकात बोट घातलं होतं. "बायडे! ही तू!"

अख्खी रांग बायडाबाईंकडे वळली.

"ती मी न्हवं," बायडाबाई म्हणाल्या.

"तूच हाईस."

"न्हवं म्हणते न्हवं! माझा परकर जांभळा हुता त्या दिशी."

"अगं, काळ्या-पांढऱ्या सिनेमात जांभळा कसा दिसंल?" आक्का म्हणाल्या, आणि मग एकदम थांबल्या. "म्हंजी? त्या दिशी? कुठल्या दिशी गं?"

बायडाबाई पकडल्या गेल्या. मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. इतकं, की डोळ्याला पदर लावावा लागला. आक्का त्यांच्या पाठीत धपाधप मारत होत्या आणि दोघी खुर्च्यांच्या मधे एकमेकींना धरून हसत होत्या.

"ए मंडळवाल्या," शेवटी बायडाबाई ओरडल्या, "परत लाव की त्ये! या खेपंला नाकातनं बोट काढती का बघू!"