बांधलेली बोट

पोर्ट सैदच्या कालव्यावर बखीत उतारूंची फेरीबोट चालवायचा. काचबिंदूने त्याचा डावा डोळा गेला होता, पण हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी बोट धक्क्याला बांधलेली होती आणि माणसं उतरत होती. शेजारून एक मोठं मालवाहू जहाज सरकू लागलं, तसं बखीतला वाटलं, आपलीच बोट मागे वाहत चाललीय. दोन्ही डोळे धड होते तेव्हाही असा भास व्हायचा, पण क्षणात विरायचा. आज तो विरेना. घाबरून त्याने इंजिन पुढे रेटलं. दोर ताणला, बोटीला हिसका बसला आणि उतरायच्या फळीवरची एक म्हातारी धक्क्यावर आपटली.

खलाशी शेहाता वर सुकाणूपाशी धावला. "बखीतभाऊ, बोट जागची हललीसुद्धा नव्हती. केलंत काय हे?"

"मला हलताना दिसली रे."

म्हातारीचा हात मोडला होता. तिला उचलून नेताना ती म्हणाली, "त्याला बोलू नका. माझाच पाय घसरला."

ते ऐकून बखीतने सुकाणू सोडलं. "शेहाता, हा डोळा वर्षभरापासून आंधळा आहे," तो म्हणाला. "सुकाणू तू धर."

परतीच्या खेपेला तो उतारूंच्या बाकावर बसला. त्याच्याशेजारी कुणी बसलं नाही.